रुपयाचं विमान

स्वस्त म्हटलं की आमच्या घरात धावपळ उडते. कोथिंबीर उतरली की आमची ही सहा जुड्या आणते आणि मग आठवडाभर घरात वड्यांशिवाय दुसरं काही शिजत नाही. तेव्हा २००३ साली निघालेल्या एअर डेक्कनची रुपयाची तिकिटं असतात असं कानावर आल्यावर तिने मला पहाटे चारला संगणकासमोर बसवलं, यात नवल नाही.

रुपयाची तिकिटं मोजकीच. मी डोळे चोळेपर्यंत ती खपली. तरी परवडतील अशी तीन मिळाली आणि आयुष्यभर गच्चीतून विमानं मोजणारी आमची आई विमानात चढली. आत जागांना नंबर नव्हते. आईने लाल डब्याच्या सवयीने खिडकीशी रुमाल टाकला! खाणंपिणं विकत होतं. आम्ही दशम्या सोडल्या.

"एवढ्या स्वस्तात यांना परवडतं कसं?" मी विचारलं.

"स्वस्त विकायला आधी स्वस्तात आणावं लागतं," ही म्हणाली.

तिचा हा सिद्धांत पुढे दुकानांनी खरा केला. सुभिक्षाने देशभर शेकड्यांनी दुकानं थाटली. पैसा आटला आणि २००९ साली कुलपं लागली. २००२ साली पवईत निघालेल्या डी-मार्टने घाई केली नाही. जागा शक्यतो मालकीची घ्यायची आणि व्यापाऱ्याचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घ्यायचा. अगदी आमच्या हिचाच खाक्या!

विमानवाल्याचं दुखणं त्याहून मोठं. साबण आज खपला नाही तर उद्या खपतो. रिकामी खुर्ची म्हणजे रात्रीची कोथिंबीर. विमान उडालं की मातेरं! म्हणून ती मिळेल त्या भावाने फुंकायची. पण इंधनवाला रुपयात थोडंच भागवतो?

तोटा वाढत गेला. २००७ साली किंगफिशरने कंपनीत हिस्सा घेतला, २००८ साली नाव बदललं, २०११ साली ती स्वस्त सेवा गुंडाळायचं ठरलं. वर्षभरात खुद्द किंगफिशरही जमिनीवर आली.

मी आईला बातमी वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती.

"बुडाले बिचारे," ती म्हणाली. "आपण तरी त्यांचा चहा घ्यायला हवा होता रे!"