‘तिकीट काढलं आहे आम्ही’

त्या माणसाचं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. ते जावं असं मला वाटतही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बहीण मुलांना घेऊन पुण्याहून नागपूरला आली होती. मुलांना प्राणी दाखवायचे यावर सगळ्यांचं एकमत, पण कुठे यावर घरात दोन तट पडले. मोठ्या भाच्याला गोरेवाडाच हवा होता. २६ जानेवारी २०२१ला सुरू झालेली तिथली जंगल सफारी, बसमध्ये बसायचं आणि मोकळ्यावरची वाघ-अस्वलं पाहायची. आई मात्र महाराजबागेवर अडून बसली. तिचं माहेर धंतोलीचं. लहानपणी रविवारी आजोबा तिला चालत बागेत न्यायचे, आणि पाहुणे आले की अजब बंगला, म्हणजे इथलं वस्तुसंग्रहालय, आणि महाराजबाग ही जोडी ठरलेली. बहीण म्हणाली, “आई, आता काय उरलंय तिथे?” आई काही बोलली नाही. मी बोलले, आणि जरा जास्तच बोलले.

कारण मला ती बाग आपली वाटते. भोसल्यांची बाग, पुढे इंग्रजांच्या हातात गेली, १८९४ला तिथे प्राणिसंग्रहालय झालं. आज ते अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयाकडे आहे. सीताबर्डीपासून चालत जाता येतं, खिशाला परवडतं. गोरेवाड्याला गाडी लागते, वेळ लागतो. हातावर पोट असलेल्या घरातल्या पोराने वाघ कुठे पाहायचा? २०१८मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मान्यता काढून घेतली, तेव्हा मी चार लोकांशी भांडले होते. पुढे दाद मागितली गेली आणि बाग चालू राहिली, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

बेत आखताना वाराचा घोळ झाला. बहिणीचं परतीचं तिकीट मंगळवारचं, आणि सोमवारी बाग बंद. “ऐन सुट्टीत बंद?” असं ती चिडून म्हणाली, पण हा नियम मला पटतो. प्राणिसंग्रहालयांनी आठवड्यातून किमान एक दिवस माणसांना दार बंद ठेवायचं, हे कायद्याच्या नियमातच आहे. जनावरांनाही माणसांपासून सुट्टी हवी. तर उरला रविवार. तुम्हाला जायचं असेल तर रविवार टाळा, सुट्ट्या टाळा, आणि सकाळी दार उघडताच जा. दुपारी जनावरं सावलीला पडलेली असतात आणि माणसं तेवढी जागी असतात.

आम्ही पोचलो तेव्हा बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे गर्दी होती. बिबट्या आतल्या फळकुटाखाली पाठ करून झोपला होता. रात्रीचं जनावर ते, दिवसा झोपणारच. कठड्याला टेकून एक गृहस्थ उभे होते, खांद्यावर चार-पाच वर्षांचा मुलगा. आधी त्यांनी शीळ घातली. मग पाण्याची रिकामी बाटली कठड्यावर आपटायला लागले, एका लयीत, ठक ठक ठक. बिबट्याचा फक्त कान हलला. उजवा कान, मागे वळला आणि पुन्हा सरळ झाला. लोक हसले. मग त्यांनी खाली वाकून खडा उचलला आणि मुलाच्या हातात दिला. “मार, उठते पहा.” मुलाचा खडा जाळीलाच लागला. दुसरा त्यांनी स्वतः मारला. तो आत गेला आणि बिबट्याच्या पाठीवर पडला. कातडी थरथरली, माशी बसल्यावर गाईची थरथरते तशी. बिबट्या उठला, आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि भिंतीलगत कोपऱ्यात जाऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! अंगावर काटा आला माझ्या.

तेवढ्यात एक वयस्क कर्मचारी लगबगीने आला. त्या गर्दीला तो एकटाच. हात जोडून म्हणाला, “नका करू जी असं, त्याले त्रास होते.” गृहस्थ म्हणाले, “तिकीट काढलं आहे आम्ही. झोपलेला बिबट पाहाले आलो काय?”

मी म्हटलं, प्राण्यांना छेडणं हा गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८ जे वाचा. ते हसले. “ताई, तुमचा आहे काय तो?” त्यांच्या बायकोने मुलाला खाली उतरवलं आणि मान खाली घालून पुढे निघाली. कर्मचारी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “जाऊ द्या बाई, आमचं हे रोजचंच आहे.”

रोजचंच. म्हणजे रोज कुणीतरी खडा मारतं आणि रोज हा माणूस हात जोडतो. त्याने हात का जोडावेत? दंडाची पावती फाडायचा अधिकार त्याच्या हातात का नसावा? याच नागपुरात, गोरेवाड्यात, साहेबराव वाघाला कृत्रिम पंजा बसवायचा प्रयत्न जानेवारी २०२०मध्ये झाला. चंद्रपूरकडे शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याच्या पायाची बोटं गेली होती. डॉक्टर मंडळी झटली, वाघाने तो पंजा झटकून टाकला, ती गोष्ट वेगळी. पण एका जनावराच्या पायासाठी एवढं करणारं शहर आणि खडा मारणाऱ्यासाठी टाळ्या वाजवणारं शहर एकच, हे मला पचत नाही. आणि बापाने मुलाच्या हातात खडा दिला, हे तर अजिबात नाही. पोरं आपण होऊन खडे मारत नाहीत हो, त्यांना मोठे शिकवतात.

घरी परतताना मी बहिणीला म्हटलं, बंद झालेलीच बरी ही बाग. शहराच्या मधोमध, माणसांच्या हाताच्या अंतरावर जनावरं ठेवूच नयेत. गोरेवाड्यात निदान माणूस बसमध्ये कोंडलेला असतो. हे मीच बोलत होते, मान्यतेसाठी भांडलेली. आई मागच्या सीटवरून म्हणाली, “जनावरानं काय केलं? काढायचं तर त्या माणसाले काढा बाहेर.”

मला दोन्ही पटतं. नीलगायीपाशी वही घेऊन उभी असलेली एक मुलगी आठवते. ती आईला विचारत होती, हिला गाय का म्हणतात, ही तर हरणासारखी दिसते. बाग बंद झाली तर ती हा प्रश्न कुठे विचारणार? आणि मग लगेच त्या बिबट्याची पाठ आठवते.

पुढच्या सुट्टीचा खल आत्ताच सुरू झाला आहे. भाचा म्हणतो गोरेवाडा, आई म्हणते महाराजबाग. माझं अजून ठरत नाही. एवढं मात्र बहिणीला सांगून ठेवलंय, या वेळी परतीचं तिकीट शुक्रवारचं काढ, म्हणजे मधल्या वारी सकाळी जाता येईल.