टिनाखालची रात्र

अकोला, २६ मे

प्रिय सखे,

कालपासून नवतपा लागला. तुझं पत्र आलं तेव्हा कूलरमध्ये तिसरी बादली ओतत होते. तू तिकडे इंग्लंडात शाल पांघरून लिहितेस आणि म्हणतेस, ‘तुम्हाला उन्हाची सवयच आहे.’ त्या वाक्यापाशी मी अडले.

सवय होते, खरं आहे. आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. पण शिकलेल्या शरीरालाही रात्री विसावा लागतो, आणि तोच मिळेनासा झालाय.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींचं घर टिनाचं. गेल्या आठवड्यात त्यांचे यजमान दिवसभर स्लॅबवर राबून आले, न जेवताच पडले आणि रात्री दोनला बरळायला लागले. अंग भट्टीसारखं तापलेलं. घरच्यांना वाटलं ताप आलाय, म्हणून वर गोधडी घातली! थोरल्याला कुठून सुचलं कोण जाणे, त्याने गोधडी फेकली, तो रांजणातलं पाणी अंगावर ओतत राहिला आणि तशाच ओल्या अंगाने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या पाण्यानेच माणूस वाचला, असं डॉक्टर म्हणाले. किडनीला मात्र मार बसलाय. मावशी म्हणाल्या, “ताई, दिवस कसाबी निघते, रात्र निघत नाही.”

ऊन लागणं म्हणजे चक्कर, एवढंच आपण लहानपणी समजायचो. कांदा खिशात ठेवला की झालं! प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर टाकायला हृदय रक्त कातडीकडे ढकलत राहतं. दिवसभर राबलेलं हृदय रात्रीही राबलं, तर म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं थकतं. आणि आतलं तापमान चाळीस अंशांपलीकडे गेलं की मेंदू बिघडतो. बरळणं हीच धोक्याची खूण. तेव्हा तोंडात पाणी ओतायचं नसतं, अंगावर ओतायचं. हे वस्तीत कुणीच सांगितलेलं नव्हतं, याचा मला फार राग आला.

हवामान खात्याच्या भाषेत ‘उष्ण रात्र’ असा शब्द आहे. दिवसाचा पारा ४० किंवा त्याहून वर आणि रात्रीचा नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढा. पण बातम्यांत दुपारचाच आकडा मोठ्या अक्षरांत येतो.

मेलेल्यांचंही तसंच. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या भर उन्हातल्या सोहळ्यात १४ माणसं गेली, ती एकाच मैदानातली म्हणून दिसली. पहाटे टिनाखाली गेलेल्या आजीच्या कागदावर ‘हृदयविकार’ लिहिलं जातं, तिथे उन्हाचं नावही नसतं. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेनंतर संशोधकांनी एकूण मृत्यूच आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा तेराशेहून अधिक जास्तीचे निघाले. मग २०१३ मध्ये शहराने उष्णतेचा आराखडा केला. तिथल्या शारदाबेन रुग्णालयाने तर नवजात बाळांचा कक्षच वरच्या मजल्यावरून खाली आणला. छपराखालची बाळं! किती साधी गोष्ट, आणि कुणाला तरी ती आधी दिसावी लागली.

तिथे गरिबांच्या छपरांना पांढरा रंगही देतात. ते वाचून आम्ही चौघींनी रंग आणलाय. रविवारी सकाळी सहाला, टिन तापायच्या आत, मावशींचं छप्पर रंगवायचं. नंतर शेजारच्या दोन घरांचं. रात्री आत हात लावून बघेन आणि तुला कळवीन.

तुमच्याकडे जुलै २०२२ मध्ये पारा ४० च्या वर गेला होता, तेव्हा तूच लिहिलं होतंस की घर ऊब धरून ठेवायला बांधलेलं, रात्रीही निवेना. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या त्या एकट्या आजीबाई अजून तिथेच आहेत का? त्यांच्या दाराची एक किल्ली तुझ्याकडे मागून ठेव, जुलैच्या आत.

तुझी,
सखी