नेमून दिलेले करिअर

दहावी-बारावीचा निकाल लागला की करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. पाहुणे विचारतात, ‘तुमची पॅशन काय?’ आमच्या वस्तीतली पोरे एकमेकांकडे बघतात.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले. ते निवडले का? सायन्सला क्लासची फी परवडत नव्हती, आर्ट्सचे कॉलेज सकाळचे होते, दुपारी काम करता यायचे. विषय पुढे आवडला, तो भाग वेगळा. सवर्ण मित्र म्हणतात, ‘आम्हीही योगायोगानेच आयटीत आलो.’ आले असतील. पण मामाच्या ओळखीने कंपनीत पोहोचणे आणि बापाच्या झाडूपर्यंत पोहोचणे, या दोन्हींना योगायोग कसे म्हणायचे?

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. माणसाची आवड आणि कुवत तिथे विचारलीच जात नाही. महार वतन हे त्याचे उघड उदाहरण. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने जायला १९५८ उजाडले.

गेली का पण? लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. वस्तीतल्या एका बी.कॉम. झालेल्या पोराला बँकेची परीक्षा द्यायची होती. वडील निवृत्त झाले. राहती खोली पालिकेची, घरातले कोणी कामावर लागले नाही तर ती सोडावी लागणार. आई म्हणाली, ‘पर्मनंट हाय, घे बाबा.’ त्याने घेतली. याला निवड म्हणणाऱ्याने आधी त्या खोलीचा हिशेब मांडावा.

वारसा हक्क बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो काढला की त्या जागी ठेकेदार येतो. मग झाडू तोच, माणसेही तीच, फक्त पगार अर्धा आणि पीएफ गायब. आमचे म्हणणे एवढेच की पदवीधर वारसाला पदवीप्रमाणे काम मिळाले पाहिजे, तेही कागदावर नाही, हजेरीपटावर. आणि डोक्यावरचे छप्पर झाडूला बांधलेले नसावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या पालिकेत जाऊन विचारावे : गेल्या पाच वर्षांत किती पदवीधर वारस लागले, आणि त्यांच्या हातात काय दिले?

तो पोरगा सध्या पहाटेच्या हजेरीला जातो. बँकेचा फॉर्म त्याने यंदाही भरला आहे.