फुप्फुसावरचा डाग

आमच्या हर्णेच्या मोहल्ल्यात पोरगा हाताशी आला की घरात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते, पासपोर्ट आणि मेडिकल. आखाती देशांत नोकरीला जायचं तर छातीचा एक्स-रे काढावा लागतो. त्यात फुप्फुसावर जुना डाग दिसला की बहुतेक वेळा कागदावर ‘अनफिट’ असा शेरा पडतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं हेच झालं. थुंकी तपासली, जंतू सापडले नाहीत. खोकला नाही, ताप नाही. तरी व्हिसा गेला आणि ठरत आलेलं लग्नही मोडलं. मोहल्ल्यात एकच कुजबुज, ‘त्याला टीबी आहे म्हणे.’

त्याच्या आईने मला विचारलं, “सर, हा डाग म्हणजे नक्की काय हो?” मी भाषेचा शिक्षक. मराठीत या आजाराला क्षय म्हणतात, म्हणजे झीज. उर्दूत तप-ए-दिक, आणि दिक करणं म्हणजे छळणं. दोन्ही नावांत फक्त आजाराचा जोर आहे. शरीर त्याच्याशी कसं लढतं, हे दोन्ही भाषांतल्या नावांत नाही. म्हणून मी वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेलो. जे समजलं ते असं.

टीबीचा जंतू खोकल्याच्या बारीक तुषारांतून हवेत येतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांत उतरतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहाऱ्यावर असतात. आलेला कचरा, जंतू गिळायचे आणि पचवून टाकायचे हे त्यांचं काम. टीबीचा जंतूही त्या गिळतात, पण हा जंतू चिवट. पेशीची पचनाची यंत्रणा तो अडवून धरतो आणि पहारेकऱ्याच्याच पोटात वाढू लागतो.

पहारेकरी एकटा असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण दुसऱ्या प्रकारच्या पेशी, डेंड्रायटिक पेशी, जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथींकडे जातात आणि तिथल्या टी पेशींना शत्रूची ओळख पटवून देतात. या निरोपाला वेळ लागतो, माणसात साधारण दोन ते आठ आठवडे. मग टी पेशी फुप्फुसात येतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. ते मिळालं की थकलेल्या मॅक्रोफेजमध्ये बळ येतं. टीएनएफ नावाचं आणखी एक रसायन या सगळ्या पेशींना एकत्र धरून ठेवतं. जंतूंभोवती पेशींचा गोल तट उभा राहतो, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. पुढे तो आक्रसतो, त्यात चुना साठतो आणि एक्स-रेवर डाग दिसतो.

म्हणजे असा डाग बहुधा लढाई हरल्याचा नसतो, जंतूला कोंडल्याचा असतो. डाग दिसला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, हे खरंच. कोंडलेला जंतू पुढे कधी जागा होऊ शकतो, हेही खरं. पण ज्याच्या फुप्फुसातला टीबी जागा नाही, तो दुसऱ्याला आजार देत नाही. देशभर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात या जंतूचा संसर्ग आढळला. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यात कधीतरी आजारी पडणारे ५ ते १० टक्के. बाकीच्यांच्या पेशी गुपचूप पहारा देत राहतात. ज्या घराने लग्न मोडलं, त्या घरातही असा कुणी असेलच.

हर्णेच्या माणसाला तट आणि पहारा समजावून सांगावा लागत नाही. बंदरावर उभं राहिलं की समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. किल्ला नुसत्या भिंतींवर टिकत नाही, त्याला रसद लागते. फुप्फुसातल्या तटाचंही तसंच. कुपोषण, मधुमेह, विडी-सिगारेट यांनी तो कमजोर होतो. एचआयव्ही तर टी पेशींवरच घाला घालतो. संधिवाताची काही औषधं टीएनएफ रोखतात, म्हणून ती देण्याआधी डॉक्टर टीबी आहे का ते तपासतात. उलट लढाई हाताबाहेर गेली तर पेशींच्याच माऱ्याने फुप्फुसात पोकळी पडते आणि जंतू खोकल्यावाटे बाहेर पसरतो.

रसदीचं महत्त्व झारखंडमध्ये दिसलं. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पथकाने टीबी रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला जादा धान्य दिलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले, त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. लस नाही, नवं औषध नाही, नुसतं पोटभर जेवण. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. आपल्याकडे काही घरं हे पैसे घेत नाहीत, कारण नाव नोंदवलं तर लोकांना कळेल.

लपवण्याची किंमत मुंबईने पाहिली आहे. २०१२ च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चार रुग्ण जगापुढे मांडले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. अर्धवट किंवा चुकीचे उपचार झाले की जंतू असा शिरजोर होतो. आमचे खलाशी होडीवर दाटीवाटीने झोपतात, मुंबईला गेलेली पोरं एका खोलीत आठ-दहा राहतात. तिथे एकाने खोकला लपवला तर तो सगळ्यांचा होतो.

म्हणून जमातीच्या मोठ्यांना माझं सांगणं आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, ती फुकट होते. गोळ्या पूर्ण करा. रमजान आला म्हणून डॉक्टरांना न विचारता एकही गोळी चुकवू नका, आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहेच. आणि कुणाच्या पोराच्या एक्स-रेवर डाग आहे असं कानावर आलं, तर आधी विचारा, थुंकीचा रिपोर्ट काय आला? तो साफ असेल तर निकाहाची बोलणी थांबवायचं काहीच कारण नाही.