उंबरठ्याबाहेरचा जोडा

लातूरला मावशीचे घर आणि नांदेडला कॉलेज, त्यामुळे या दोन गावांत माझ्या सारख्या येरझाऱ्या चालतात. त्यांतून एवढे कळले की, पाहुणा काय बोलतो यापेक्षा तो जोडा कुठे काढतो, यावरून घरचे लोक त्याला जोखतात.

लॉजवर प्रश्नच नसतो. तिथे पैसे मोजलेले असतात. जोडा पलंगाखाली गेला तरी कुणी हटकत नाही. मावशीकडे मात्र वहाणा ओसरीबाहेर काढायच्या, मोरीवर पाय धुवायचे आणि मगच टेकायचे. नवख्या पाहुण्याला ती 'राहू द्या हो, चालतंय' म्हणते. पण ते तोंडदेखले! शहाण्याने ते खरे मानू नये. शिवाय जोडा उलटा पडू देऊ नये. उलट्या जोड्याने घरात भांडणे लागतात, असे आजी सांगते.

पण मित्रहो, या रीतीला एक काळी बाजूही आहे. आमच्या खेड्यात वाड्यासमोरून जाताना माझ्या आजोबांना पायताण हातात घ्यावे लागे. वाड्यातले लोक मात्र त्याच रस्त्याने करकर वाजवीत जात. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. पण आजोबांचा हात रस्त्यात मध्येच खाली जाई, तो पुढे कित्येक वर्षे. म्हणून कुणी 'चप्पल काढा' म्हटले की माझ्या मनात येते, सगळ्यांनीच काढायची ना?

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात या प्रश्नाचे उत्तर मिळाले. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी जिथे देह ठेवला, ते हे स्थान. येथे मोटारवाला असो की हमाल, जोडा जोडाघरात द्यायचा, डोके झाकायचे, पाय धुऊन आत जायचे. आपले धुळकट जोडे सेवेकरी स्वतःच्या हातांनी उचलतात. त्या कामाचा त्यांना कमीपणा वाटत नाही, ती सेवाच. आत गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची पदे आहेत, तशीच जोडे शिवणाऱ्या रविदासांचीही.

तेथे अनवाणी उभा असताना मला आजोबांची आठवण झाली, पण लाज वाटली नाही. मावशीच्या घरीही ती वाटत नाही, कारण दार उघडणारी मावशीसुद्धा अनवाणीच असते. परक्या दारात वहाणा काढताना आपण यजमानाच्या पायांकडे अवश्य पाहावे.