बीड ते खुलताबाद : पाच माणसांचा नऊ हजारांचा हिशेब



आपली कुटुंबे प्रवास करतात तो बहुधा अभिवादनाचा. चैत्यभूमी, दीक्षाभूमी. लाखोंच्या गर्दीत जायचे, मिळेल तिथे पाठ टेकायची, सोबतच्या भाकरी खायच्या. त्या प्रवासात गैरसोयीची तक्रार कोणी करत नाही, करूही नये. पण म्हाताऱ्या आईला, बायकोला आणि मुलांना दोन दिवस निवांतपणे, कर्ज न काढता कुठे नेता येईल का, असे वस्तीतले लोक विचारतात. बीडकरांसाठी माझे उत्तर खुलताबाद हे आहे.

यावर पहिला प्रश्न येतो, ते तर दर्ग्यांचे गाव, आपण बौद्धांनी तिथे कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे. मराठवाड्यात पिराला कंदुरी बोलण्याची चाल साऱ्याच जातींत होती, आपल्याही वस्त्यांत होती. पोर आजारी पडले की बकरे कबूल करायचे, मग भावकीला जेवण, आणि त्यासाठी सावकाराचा उंबरठा. पोर बरे झाले तरी व्याज बरे होत नसे. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि आपल्या घरांतले नवस-सायास मोडत गेले. आता तिथे जायचे ते नवस फेडायला नव्हे. शेजारच्या भिंतीआड राहणाऱ्या माणसांचे श्रद्धास्थान आणि आपल्याच मुलखाचा इतिहास पाहायला जायचे. डोक्यावर रुमाल घ्यावा, चपला बाहेर ठेवाव्यात, शांतपणे पाहून यावे. चादरीचा आणि बकऱ्याचा खर्च आपल्या हिशेबात नाही.

आता हिशेब. घरात नवरा-बायको, सत्तरीची आई, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे धरू. बीडहून गेवराई, शहागडचा गोदावरीचा पूल, पाचोड, आडूळ या रस्त्याने छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे १३० किलोमीटर आहे. एसटीच्या साध्या गाडीचे पूर्ण तिकीट जानेवारी २०२५च्या दरवाढीनंतर सव्वादोनशेच्या आसपास जाते. पण मार्च २०२३पासून महिलांना निम्मे भाडे आहे, म्हणजे बायको, आई आणि मुलगी तिघी आल्या. बारा वर्षांखालच्या मुलालाही निम्मेच. पाच माणसे तीन तिकिटांच्या पैशांत जातात. येऊन-जाऊन चौदाशे धरा. आईचे वय पंचाहत्तरच्या वर असेल तर तिचा प्रवास फुकट. आधार कार्ड मात्र विसरू नये.

मुक्कामाला बसस्थानकाच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या भागात स्वच्छ खोली, एक जादा गादी धरून अठराशे. दुसऱ्या दिवशी दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ अशा फेरीसाठी भाड्याची गाडी अडीच हजार. जेवण, चहा, नाश्ता दोन दिवसांचे चोवीसशे. वेरूळचे तिकीट माणशी चाळीस, दौलताबादचे पंचवीस, पंधरा वर्षांखालील मुलांना माफ, म्हणजे तिघांचे दोनशेच्या आत. दर्ग्यांना तिकीट नाही. बेरीज झाली ८,३००. औषधपाणी, मुलांची खेळणी यासाठी सातशे हाताशी ठेवले की नऊ हजार.

हा आकडा ऐकल्यावर घरातला कर्ता माणूस काय कापतो ते मला ठाऊक आहे. खोली कापतो. पाहुणे आहेत ना तिथे! मग पाहुण्यांच्या दोन खोल्यांत दहा माणसे, आणि सहलीला आलेली बाई पहाटे उठून पाहुणीच्या शेजारी पोळ्या लाटत बसते. दुसरे गाडी कापतो, मग आईचे गुडघे बसच्या पायऱ्यांवर चढ-उतार करून थकतात. दिवस तीन लागले तरी चालतील, खर्च पुढच्या वर्षी केला तरी चालेल, पण या दोन रकमांना हात लावू नये. बाईला दोन दिवस चुलीपासून सुटका मिळते ती याच पैशांत.

पैसे उभे करायचे तर महिन्याला साडेसातशे, बारा महिने. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मुकादमाच्या उचलीतून एक रुपयाही यासाठी घेऊ नये. उचल म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी. गावी परतल्यावर श्रावणाच्या सुमारास जावे. डोंगर हिरवा असतो, वेरूळला धबधबा पडतो. मंगळवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा. रबिउल अव्वल महिन्यात उरूस भरतो तेव्हा खुलताबादला फार गर्दी असते. हा महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून निघण्यापूर्वी मुसलमान शेजाऱ्याला विचारून घ्यावे.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून विश्रांती, मग नागसेनवन. बाबासाहेबांनी १९५०मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, आणि शेजारचे विद्यापीठ १४ जानेवारी १९९४ला त्यांच्या नावाचे झाले. त्यासाठी काय सोसावे लागले, ते मुलांना सांगायला इथल्यासारखी जागा नाही.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद. आईला वर चढवू नये. १९३४मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते, तेव्हा याच किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. हौद बाटवला म्हणून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला आणि जमाव जमला. तुमचा धर्म हेच शिकवतो का, हा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तरी त्याला पाणी नाकाराल का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा सारे गप्प झाले. पुढे किल्ला पाहायला मिळाला तो सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

तिथून खुलताबाद. जुनी माणसे याला रोजा म्हणतात. चौदाव्या शतकातले सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे समोरासमोर आहेत. झैनुद्दीन यांच्या आवारात औरंगजेबाची उघडी कबर. १७०७मध्ये वारलेल्या या बादशहाने टोप्या शिवून मिळवलेल्या चौदा रुपये बारा आण्यांत ती बांधली, असे सांगतात. या कबरीवरून मार्च २०२५मध्ये राज्यात मोठा वाद पेटला होता. तेव्हा तिथे वादाची भाषा करू नये.

मला विचाराल तर खरे पाहावे ते मलिक अंबरचे थडगे. हबशी गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. भर कोरड्या मुलखात त्याने नहर खोदून शहराला पाणी दिले. १६२६मध्ये तो गेला. गाडीवाले तिकडे आपणहून वळत नाहीत. भाडे ठरवतानाच हा थांबा बोलून घ्यावा.

वेरूळ तिथून चार-पाच किलोमीटर. एक ते बारा ही आपली बौद्ध लेणी. वेळ कमी असेल तर दहावे, सुतार लेणे आधी गाठावे आणि बुद्धमूर्तीसमोर हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणावे. पाचव्या लेण्याला लोक महारवाडा म्हणत आले. लांबच लांब विहार, मधे दगडी बाकांच्या दोन बुटक्या रांगा. तिथे आईला थोडा वेळ बसू द्यावे. जेवण लेण्यांबाहेरच्या खाणावळीत घ्यावे आणि चारच्या आत गाडी शहराकडे वळवावी, म्हणजे रात्री वेळेवर बीडला पोहोचता येते.