उसने घेतलेले दिवस

भाद्रपद जवळ आला की कसाल गावाचे रूप पालटू लागते. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी फुटतो, तेथे हे गाव वसले आहे. या दिवसांत शेतांतील भात पोटरीस आलेले असते, बांधाबांधांवर तेरड्याची गुलाबी फुले डोलू लागतात आणि वर्षभर बंद असलेल्या घरांची दारे उघडली जातात. मुंबईचे चाकरमानी गणपतीसाठी घरी येऊ लागलेले असतात.

एके काळी हा प्रवास मोठा बिकट होता. पावसाळ्यात समुद्र खवळला की मुंबईहून येणाऱ्या आगबोटी बंद असत. मग घाटावरून वळसा घेऊन, मोटारी बदलत बदलत माणसे घर गाठीत. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग संपूर्ण खुला झाला आणि रात्री मुंबईस गाडीत बसलेला मनुष्य सकाळी कसालजवळच्या सिंधुदुर्ग स्थानकावर उतरू लागला. परंतु एक अडचण मात्र रेल्वेलाही दूर करता आली नाही. ती म्हणजे पंचांगाचा आणि शाळेच्या वेळापत्रकाचा न जुळणारा मेळ.

आपले नित्याचे वर्ष ३६५ दिवसांचे, तर चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे गणेशचतुर्थी दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. मालवण तालुक्यात मसुरे येथील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचा दिवस तर दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरतो. ती जत्रा बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तयारीच्या दिवसांत येते. देवाचे दिवस शाळेला विचारून येत नाहीत आणि शाळेचे तास देवासाठी थांबत नाहीत. या दोहोंच्या मध्ये सापडतात ती मुले.

असाच एक सातवीतील मुलगा मुंबईहून आईवडिलांसह कसालला आला होता. त्याच्या शाळेस गणपतीची सुट्टी पाच दिवसांची होती. घरचा गणपती मात्र अकरा दिवसांचा होता आणि परतीच्या गाडीचे आरक्षणही विसर्जनानंतरचेच मिळाले होते. उरलेल्या दिवसांचे काय करावे? वडिलांनी निघण्यापूर्वीच एक रजेचा अर्ज लिहून शेजारच्या मुलाजवळ देऊन ठेवला होता. त्यात लिहिले होते, "मुलास ताप आल्यामुळे तो शाळेत येऊ शकत नाही."

पहिले चार दिवस मुलाला या अर्जाची आठवणही झाली नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो आजोबांबरोबर माटवीचे सामान आणण्यासाठी रानात गेला. गणपतीच्या वर टांगण्याच्या त्या लाकडी चौकटीस नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळ, हरणाची फुले आणि लालभडक कवंडळे बांधावयाची होती. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फटकन फुटते आणि बिया दूर उडतात, हे त्याने स्वतः शेंग फोडून पाहिले. शेरवडाच्या झुडपावर जी पांढरीशुभ्र पाने दिसतात ती पाने नसून फुलांचीच मोठी झालेली निदले असतात आणि खरे फूल लहानसे, नारिंगी रंगाचे असते, हे त्याला तेथेच उमगले. रात्री भजनात झांज वाजविताना त्याचा ताल चुकला, तेव्हा चुलतभावाने त्याचा हात धरून तो सावरला. पुस्तकात न मिळणारे पुष्कळ काही त्याला त्या चार दिवसांत मिळाले.

सहाव्या दिवशी गावच्या शाळेची सुट्टी संपली. चुलतभाऊ दप्तर घेऊन निघाला. घरी एकट्याला करमेना, म्हणून हाही त्याच्यासोबत शाळेपर्यंत गेला. गुरुजी ओसरीवर उभे होते. त्यांनी हसून विचारले, "पाहुणे, तुमची शाळा अजून सुरू नाही का झाली?"

प्रश्न साधाच होता; परंतु मुलाच्या तोंडून उत्तर फुटेना. शाळा सुरू आहे म्हणावे, तर येथे कसे, असे ते विचारतील. नाही म्हणावे, तर ते खोटे ठरेल. तो खाली मान घालून घरी परतला. धडधाकट असूनही आपण मुंबईत तापाने पडलो आहोत, हा विचार दिवसभर त्याच्या मनात सलत राहिला.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकी तांदूळ उसने मागावयास आल्या. त्यांच्या घरी अकस्मात पाहुणे आले होते. आजीने पायलीभर तांदूळ मोजून दिले. त्या गेल्यावर मुलाने आजोबांजवळ बसून हळूच अर्जाची सारी हकीकत सांगितली. आजी आतून म्हणाली, "झिला, शाळा खंय पळान जातली? बाप्पा वर्साक एकदाच येता!" आजोबा मात्र हसले नाहीत. थोड्या वेळाने ते म्हणाले, "उसना घेवक लाज नाय. पण घेतलेला लपवक नये, आणि परत करताना मापार शीग ठेवची."

वडील ओटीवर बसून हे सर्व ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. पण मुंबईस परतल्यावर पहिल्याच दिवशी ते मुलाबरोबर शाळेत गेले आणि खरे कारण लिहिलेला दुसरा अर्ज त्यांनी वर्गशिक्षिकेच्या हाती दिला. पहिला अर्ज लिहिणे त्यांना सोपे गेले होते. हा दुसरा लिहिताना त्यांना फार जड गेले असले पाहिजे.

बाईंनी अर्ज वाचला. हजेरीपटावरील गैरहजेरी त्यांनी पुसली नाही आणि हुकलेली चाचणीही पुन्हा घेतली नाही. गणितात त्या दिवसांत शेकडेवारी शिकवून झाली होती. ती समजावून देण्यासाठी एका मित्राने आपल्या चार मधल्या सुट्ट्या खर्ची घातल्या. मैदानावरून खेळाचा गलका ऐकू येत होता आणि ही दोन मुले वर्गात उदाहरणे सोडवीत बसली होती. तेव्हा मुलाच्या ध्यानात आले, की दिवस उसने घेतले होते घरच्यांनी, पण ते फेडावयास दुसऱ्या कोणाचा तरी वेळही खर्ची पडत आहे.

शाळेचे दिवस मोजकेच असतात. २००९ साली झालेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षातून निदान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे तुमच्या वयाच्या मुलांसाठीदेखील १४५ दिवस शाळेबाहेरचे राहतात. काही देशांत या बाबतीत नियम फारच कडक आहेत. इंग्लंडात परवानगीवाचून शाळेच्या दिवसांत मुलांना सहलीस नेणाऱ्या पालकांस दंड होऊ शकतो. २०१५ साली तेथील वाइट बेटावरील एका पित्याने आपल्या मुलीस सात दिवस अमेरिकेतील फ्लोरिडास नेले. एरवी तिची हजेरी चांगली असते, असे त्याचे म्हणणे होते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी, असे न्यायालयाने सांगितले.

दंडाने मूल वर्गात बसविता येते. पण कसालच्या अंगणात जे शिकावयास मिळते, ते दंड भरून विकत घेता येत नाही. आजीआजोबांचे घर हीही एक शाळा आहे. पण जो बांधावर जाऊनही तेरडा पाहत नाही आणि दिवसभर खाटेवर लोळतो, त्याचे दोन्ही शाळांतील दिवस बुडतात. जो डोळे उघडे ठेवतो, त्याचाही वर्गातील धडा मागे राहतोच; तो त्याला कष्टाने भरून काढावा लागतो. म्हणून असे दिवस घ्यावेत ते थोडे, विचारून आणि खरे सांगून.

पुढच्या वर्षी त्या घरात पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक दोन्ही एकदमच उघडली गेली. परतीचे आरक्षण आधी झाले. पाच दिवसांच्या सुट्टीनंतर दोनच दिवस अधिक लागणार होते. त्यासाठीचा अर्ज या वेळी मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात ताप नव्हता. कसालच्या घरी गणपती असल्याचे लिहिले होते आणि राहिलेला अभ्यास आपण कधी पुरा करू, तेही लिहिले होते. परतल्यावर त्याने तो अभ्यास तर पुरा केलाच. पण त्या वर्षी आजारपणामुळे ज्याचे काही दिवस बुडाले होते, अशा एका वर्गमित्रासाठी आपल्या चार मधल्या सुट्ट्याही दिल्या.

मापावरची शीग ती हीच.